तिबेटच्या पठारावरील बुटकें लव्हाळें

ल्हासा नगरीहून उत्तरेस नागचूकडे जाणारा प्रवासी चार हजार मीटरांची उंची ओलांडून वर आला, म्हणजे त्याला एक चमत्कारिक देखावा दिसूं लागतो. झाड म्हणून दृष्टीस पडत नाहीं, झुडूपहि क्वचितच. डोंगरांच्या उतारांवर, ओलसर सखलांत, ओढ्यांच्या कांठांवर, जिकडे पाहावें तिकडे जमिनीला चिकटून बसलेलें हिरवें आच्छादन पसरलेलें असतें. एखाद्या सरकारी बंगल्यापुढील हिरवळ माळ्यानें नुकतीच कात्री चालवून सारखी करावी, तसेंच तें दिसतें. मात्र ही हिरवळ कोसचे कोस चाललें तरी संपत नाहीं. पूर्व तिबेटच्या पठारावर तिचें एकूण क्षेत्र सुमारें ४,५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ दीडपट भरतें. आणि हें अफाट वस्त्र मुख्यत्वेंकरून एकाच वनस्पतीनें विणलेलें आहे, जिची उंची एक ते साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांइतकीहि नसते.

ह्या वनस्पतीला प्रथमदर्शनीं कोणीहि गवतच म्हणेल. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र तिला गवतांच्या कुळांत घेत नाहींत. ते तिला मोथ्याच्या कुळांत बसवितात. शेतकरी ज्याला वैतागून उपटतो तो मोथा, दिवाळीच्या उटण्यांत पडतो तो नागरमोथा, आणि महापुरांत वांकून वाचणारें म्हणून संतांनीं ज्याचा गौरव केला तें ओढ्याकांठचें लव्हाळें, हीं सारीं तिचीं दूरचीं भावंडें होत. गवत आणि लव्हाळें ह्यांतला भेद ओळखण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची गरज नाहीं. गवताची काडी बहुधा गोल, आंतून पोकळ व पेरांशीं फुगीर असते. लव्हाळ्याची काडी भरीव, बहुतकरून तिधारी असते, आणि दोन बोटांत धरून फिरविली कीं तिच्या कडा बोटांना जाणवतात. घरच्या कुंडींत उगवलेल्या मोथ्यावर हा प्रयोग कोणासहि करून पाहतां येईल. तिबेटच्या बुटक्या लव्हाळ्याची काडी इतकी बारीक कीं तिच्यावर तो प्रयोग करणें जरा कठीणच. त्याचीं पानें दोऱ्यासारखीं, आणि कणीस इतकें लहान कीं उभ्यानें पाहणाऱ्यास तें दिसावयाचेंहि नाहीं. गुडघे टेकून पाहावें, तेव्हां कोठें हें झाड फुलावर आलें आहे असें कळतें.

त्याचें शास्त्रीय नांव कोब्रेसिया पिग्मिया. ह्या नांवाचा पूर्वार्ध औग्सबुर्ग येथील सावकार व निसर्गवस्तूंचा संग्राहक योसेफ पाउल फॉन कोब्रेस (१७४७–१८२३) ह्याच्यावरून पडला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो ह्यानें तें नांव १८०५ सालीं ह्या वंशाला दिलें. उत्तरार्धाचा अर्थ ‘बुटकी’. हा उत्तरार्ध दिला चार्ल्स बॅरन क्लार्क (१८३२–१९०६) ह्यानें. क्लार्क हा मूळचा गणिती. १८५६ सालीं तो केंब्रिजला तिसरा रँग्लर झाला होता; ह्या शब्दाची महती मराठी वाचकांस रँग्लर परांजप्यांमुळें ठाऊकच आहे. पुढें तो बंगालच्या शिक्षणखात्यांत आला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत त्यानें अध्यापन केलें, शाळा तपासल्या, आणि शाळा तपासतां तपासतां वाटेवरच्या वनस्पति गोळा केल्या. १८८७ सालीं सेवानिवृत्त झाल्यावर लंडनजवळील क्यू येथील वनस्पति-उद्यानांत बसून त्यानें आयुष्याचीं उरलेलीं वर्षें प्रामुख्यानें लव्हाळ्यांच्या अभ्यासांत घालविलीं. हूकरच्या ‘ब्रिटिश हिंदुस्थानांतील वनस्पति’ ह्या प्रचंड ग्रंथांत ह्या कुळाचें प्रकरण त्यानेंच लिहिलें, आणि तेथें १८९४ सालीं हें बुटकें लव्हाळें आजच्या परिचित नांवानें नोंदलें गेलें. शिक्षणखात्यांतून निवृत्त झालेल्या माणसानें करण्यासारखा ह्याहून चांगला उद्योग सांपडणें अवघड आहे.

शास्त्रांतलीं नांवेंहि स्थिर नसतात. कोब्रेसिया आणि कॅरेक्स ह्या दोन वंशांतला भेद पूर्वीं एका चिमुकल्या पिशवीवरून ठरवीत. कॅरेक्सच्या मादी फुलाभोंवतीं चोहोंकडून बंद पिशवी असते, कोब्रेसियाची पिशवी एका बाजूनें उघडी. पुढें वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करतां आली, तेव्हां हा भेद वरवरचा ठरला, आणि २०१५ सालीं जगांतील अनेक लव्हाळेतज्ज्ञांनीं मिळून सगळा कोब्रेसिया वंश कॅरेक्समध्यें विलीन केला. त्यामुळें नव्या ग्रंथांत हीच वनस्पति ‘कॅरेक्स पार्व्युला’ म्हणून भेटते. पठारावर तिला ह्या घडामोडींचा पत्ता नाहीं.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, इतक्या लहान वनस्पतीनें इतकें मोठें राज्य मिळविलें कसें, आणि राखलें कसें? नागचूच्या परिसरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंचीवर, वर्षाचें सरासरी तपमान शून्याच्या आसपास रेंगाळतें; भर आषाढांतहि रात्रीं पाणी गोठूं शकतें. पाऊस वर्षाकांठीं चारशें मिलिमीटरांच्या जवळपास, म्हणजे आपल्या सोलापूरकडील अवर्षणाच्या पट्ट्याहूनहि कमी. हा पाऊस मुख्यतः आपल्याच मोसमी वाऱ्यांचा, त्यांचा जो अंश हिमालय ओलांडून वर पोंचतो त्याचा. तो उशिरा आला तर कुरणें ऐन उन्हाळ्यांतहि तपकिरीच राहतात. तो आला कीं चारदोन महिन्यांत फुलणें, बीं धरणें, आणि पुढच्या वर्षाची शिदोरी सांठविणें, हें सर्व उरकावें लागतें.

ही शिदोरी हें लव्हाळें जमिनीखालीं ठेवतें. त्याच्या देहाचा फारच थोडा भाग वर दिसतो. बाकीचा सारा संसार मुळांचा. जिवंत आणि मेलेलीं मुळें एकमेकांत गुंतून त्यांचा घोंगडीसारखा दाट थर बनतो, आणि कांहीं ठिकाणीं तो वीतभराहूनहि जाड असतो. जर्मन व चिनी शास्त्रज्ञांनीं ह्या वनस्पतीला, कर्बाच्या जड परमाणूची खूण केलेला वायु देऊन, तो कर्ब पुढें कोठें जातो ह्याचा माग काढला. पानांनीं उन्हांत कमावलेल्या अन्नाचा मोठा वांटा थोड्याच दिवसांत मातींत, मुळांकडे गेलेला त्यांना आढळला. वाढीचे कोंबहि भुईसपाट किंवा भुईच्या आंतच असतात. त्यामुळें वरून कोणी खाल्लें तर नुकसान पानांचें होतें. झाड शाबूत राहतें.

आणि खाणारे तर नित्याचेच आहेत. ज्याच्या शेपटाच्या केसांची चवरी आपल्या देवळांत ढाळतात तो याक, तिबेटी मेंढ्या, शेळ्या, घोडे ह्या सर्वांचा निर्वाह ह्याच हिरवळीवर. चारा बोटभरहि उंच नाहीं, पण पौष्टिक आहे, आणि पुनःपुन्हा फुटतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढचें सारें तिच्यावरच अवलंबून आहे. ह्या लव्हाळ्याला उंच वाढतां येत नाहीं. शेजारीं एखादें उंच गवत माजलें तर त्याच्या सावलींत तें कोमेजतें. पण उंच गवताचे शेंडे वर असतात, आणि याकाच्या दांतांत तेच आधीं सांपडतात. चरणारें जनावर लव्हाळ्याला खातें खरें, परंतु त्याच्या प्रतिस्पर्ध्याला त्याहून अधिक खातें. जो त्याचा भक्षक तोच त्याचा रक्षक.

म्हणूनच मारबुर्ग विद्यापीठाचे भूगोलज्ञ गेओर्ग मीहे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१९ सालीं ह्या विषयावर जो विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ह्या कुरणांना मनुष्यनिर्मित म्हटलें आहे. माणूस आपले कळप घेऊन पठारावर आला, आणि हजारों वर्षांच्या चराईनें त्यानें हें बुटक्या लव्हाळ्याचें राज्य उभें केलें, असें त्यांचें मत. पठाराच्या कमी उंचीच्या भागांत पूर्वीं वृक्षहि होते, ह्याला साक्षीदार आहेत. ल्हासाच्या उत्तरेस रेटिंग नांवाचा जुना मठ आहे. त्याच्या भोंवतालीं ज्यूनिपर वृक्षांचें वन पावित्र्याच्या भावनेनें राखलेलें आहे, आणि आसपासचे डोंगर मात्र उघडे. आपल्या सह्याद्रींतील देवराई पाहिलेल्या माणसाला ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. सगळे शास्त्रज्ञ मीहे ह्यांच्या मताशीं पूर्णतः सहमत आहेत असें नाहीं; कित्येकांच्या मतें हवामानाचा वांटा मोठा होता. तथापि चराई आणि लव्हाळें ह्यांची सांगड कोणी नाकारीत नाहीं.

ही सांगड टिकली ती धनगरांच्या फिरस्तेपणामुळें. तिबेटी भाषेंत त्यांना ‘द्रोक्पा’ म्हणतात. याकाच्या केसांचा काळा तंबू, हिंवाळ्यांत खालचीं कुरणें, उन्हाळ्यांत वरचीं, असा त्यांचा क्रम. एका जागचा चारा उतरला कीं तंबू हलला. लव्हाळ्याला उसंत मिळाली. झाडेंच नाहींत, तेव्हां सरपणाऐवजीं याकाच्या शेणाच्या गोवऱ्या. ह्यांत एक तोटा आहे, आणि तो आपल्याकडील खेड्यांतहि अपरिचित नाहीं: जें शेण मातींत जावयाचें तें चुलींत जातें, आणि जमिनीचा कस तेवढा घटतो. मुळांच्या त्या घोंगडीचे विटांसारखे ठोकळे कापून त्यांच्या भिंती व जनावरांचे वाडे बांधण्याची रीतहि तेथें आहे. वाऱ्यापावसांत ह्या भिंती वर्षानुवर्षें उभ्या राहतात, ह्यावरून त्या मुळांची वीण किती पक्की हें कळतें.

पक्क्या विणीलाहि उसवण असते. थंडीनें व कोरडीनें हा थर आकसतो, आणि उन्हाळ्यांत तळ्याच्या चिखलाला पडतात तशा त्याला बहुकोनी भेगा पडतात. भेगांच्या कडांवर जनावरांचे खूर पडतात, वारा आंतली माती उडवितो, पाणी ती वाहून नेतें. भेगेचें खिंडार होतें, आणि शेवटीं हिरव्या मैदानांत कोठेंकोठें उंचवट्यासारखे तुकडे तेवढे उरतात. मधली सारी जमीन उघडी, काळी. चिनी भाषेंत अशा जागेला ‘हेइ-थू-थान’, म्हणजे काळ्या मातीचें माळरान, म्हणतात. आपल्याकडे काळी माती म्हटली कीं कापूस-जोंधळ्याची समृद्धि डोळ्यांपुढें येते; तेथें तेंच नांव उजाडपणाचें आहे. भेगा पडणें हें कांहीं अंशीं निसर्गक्रमानें होतच असतें, परंतु जनावरांची संख्या बेसुमार वाढली, त्यांचें फिरणें कमी झालें, तेव्हां उसवण्याचा वेग विणण्याच्या वेगाहून वाढला.

दोष कोणावर तरी ठेवावा लागतो, आणि तो ठेवला गेला पिकावर. पिका हा प्राणी दिसावयाला बिनशेपटीच्या उंदरासारखा, वजनानें शंभर-दीडशें ग्रॅमांचा, परंतु जातीनें सशाचा सोयरा. तो बिळें करून कळपानें राहतो, आणि उघड्या झालेल्या कुरणांत त्याची वस्ती फार वाढते. उजाड जमीन आणि पिकांचीं बिळें एकत्र दिसूं लागलीं, तेव्हां पिकानेंच कुरण उजाड केलें असा निष्कर्ष काढण्यांत आला. १९६० च्या सुमारापासून पठारावर लक्षावधि हेक्टरांवर विषारी धान्य टाकण्यांत आलें. त्यांत झिंक फॉस्फाइडसारखीं जहाल विषें होतीं. परिणाम काय झाला? पिका मेले, आणि त्यांच्यावर जगणारे ससाणे, बाज, खोकड हेहि कमी झाले. कांहीं वर्षांनीं पिका पुन्हा वाढले. त्यांना खाणारे मात्र तितक्या लवकर वाढले नाहींत.

अमेरिकेंतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे अँड्र्यू स्मिथ ह्यांनीं ह्या बिचाऱ्या प्राण्याची वकिली पुष्कळ वर्षें केली. झाडें नसलेल्या पठारावर कित्येक पक्षी घरटीं बांधतात तीं पिकाच्या जुन्या बिळांत, हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. २०१५ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेलें निरीक्षण तर विशेष मननीय आहे. जेथें पिका नांदत होते त्या जमिनींत पाणी अधिक वेगानें मुरत होतें. जेथें त्यांना विष घालून संपविलें होतें तेथें तें कमी मुरून वरून वाहून जात होतें. पीतनदी, यांगत्से आणि मेकाँग ह्या तीन महानद्यांचे उगम ह्याच पठारावर आहेत, हें लक्षांत घेतां पावसाचें पाणी मुरतें कीं वाहतें ही लहान बाब ठरत नाहीं. पिका अजिबात निरुपद्रवी आहे असें कोणी म्हणत नाहीं. भेगांच्या कडा पोखरण्यांत त्याचाहि हात असतो. पण आग लागल्यावर धुराला फांशीं देण्यांतलाच हा प्रकार होता.

दुसरा उपाय कुंपणाचा. २००३ पासून चीन सरकारनें जनावरें कमी करून कुरणें पूर्ववत् करण्याची मोठी योजना हातीं घेतली. तारेचीं कुंपणें आलीं, कांहीं भागांत चराई पूर्ण बंद झाली, आणि पुष्कळ धनगर कुटुंबें पिढीजात तंबू सोडून नव्या वसाहतींतल्या पक्क्या घरांत राहावयास गेलीं. जेथें जमीन खरोखर झिजली होती तेथें विश्रांतीची गरज होती, हें खरें. पण वर सांगितलेली सांगड आठवली म्हणजे कुंपणाचा दुसरा परिणामहि उघड होतो. जेथें उंची कमी आणि पाऊस बरा, तेथें चराई थांबतांच उंच गवतें डोकें काढतात आणि त्यांच्याखालीं लव्हाळें दडपलें जातें. अधिक उंचावर, कोरड्या भागांत, हा बदल फार सावकाश होतो, कारण तेथें उंच गवताला वाढण्याइतकें पोषणच नाहीं. म्हणजे एकाच पठारावर एकच नियम लावून भागत नाहीं. फार चराई झाली तर मुळांची शिदोरी संपते. मुळींच झाली नाहीं तर सावली पडते. मीहे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या निबंधाच्या शेवटीं, जुनी फिरती धनगरी हीच बहुधा अजूनहि सर्वांत बरी व्यवस्था असावी, असा अभिप्राय दिला आहे. नव्या वसाहतीच्या दाराशीं बसलेल्या वृद्ध द्रोक्प्याला तो निबंध वाचावयास मिळाला असेल असें वाटत नाहीं.

गेलेलें लव्हाळें परत आणणें फार जड जातें. त्याचें बीं कठीण कवचाचें, सहजासहजीं रुजत नाहीं. म्हणून काळ्या माळांवर बहुधा दुसरेंच एखादें उंच वाढणारें गवत पेरतात. तें पहिल्या वर्षीं डोळे निवतील असें वाढतें, आणि कांहीं वर्षांनीं विरळ होऊं लागतें, कारण त्याच्या मुळांना ती घोंगडी विणतां येत नाहीं. ल्हासाला जाणारा लोहमार्ग २००१ ते २००६ ह्या काळांत घातला गेला, तेव्हां वाटेंतील हिरवळीचे ठोकळे मुळांसकट कापून, पाणी घालून सांभाळून, काम झाल्यावर पुन्हा बसविण्याचा प्रयत्न केला गेला. असल्या जपणुकीला अर्थ आहे. मात्र ती हजारों चौरस किलोमीटरांवर करतां यावयाची नाहीं. ह्याच्या उलट, ह्याच मातींत एका पतंगाच्या अळीवर वाढणारी बुरशी, जी उत्तराखंडांत ‘कीडाजडी’ म्हणून ओळखली जाते, ती औषधी म्हणून सोन्याच्या भावानें विकली जाते. दर वर्षीं बर्फ वितळतांच हजारों माणसें ती शोधीत ह्या हिरवळीला भोंकें पाडीत फिरतात. खणलेला खळगा पुन्हा दाबून बंद केला तर फारसें बिघडत नाहीं, पण घाईंत असलेला माणूस मागें वळून पाहतोच असें नाहीं.

मुळांच्या त्या थरांत शतकानुशतकांचा कर्ब सांठलेला आहे. थंडीमुळें तो कुजत नाहीं, म्हणून वातावरणांत परत जात नाहीं. थर उसवला कीं तो वायुरूपानें निघून जाऊं लागतो, आणि जमिनीवरून वर जाणाऱ्या बाष्पाचें मानहि पालटतें. मीहे ह्यांच्या निबंधांत असें नमूद केलें आहे कीं, जेथें आच्छादन गेलें आहे तेथें दिवसां ढग लौकर जमूं लागतात आणि पृष्ठभागाचें तपमान उतरतें. ऊन कमी आणि थंडी अधिक, म्हणजे उरलेल्या लव्हाळ्याचा वाढीचा काळ आणखीच आंखूड. अशा रीतीनें एक दुखणें दुसऱ्याला पोसतें.

२०२१ च्या ऑक्टोबरांत चीनमध्यें तीन नद्यांच्या उगमप्रदेशाचें राष्ट्रीय उद्यान अधिकृतपणें स्थापन झालें. त्यांत एक स्वागतार्ह गोष्ट अशी कीं, तेथल्या धनगर कुटुंबांतील सतरा हजारांहून अधिक माणसें पगारी राखणदार म्हणून नेमण्यांत आलीं. कुरण कोठें उसवूं लागलें हें घोड्यावरून नुसतें पाहून सांगणारा माणूस पुस्तकांतून तयार होत नाहीं. तो तेथें होताच.

हिमालयाच्या अलीकडे, भारतांतहि, ह्या वंशाचीं लव्हाळीं आहेत. सिक्कीमच्या उंच कुरणांत हें बुटकें लव्हाळें स्वतः आढळतें, आणि उत्तराखंडांतील ‘बुग्याल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या उंच हिरवळींत त्याचीं जवळचीं भावंडें. पुण्या-मुंबईचीं गिरिभ्रमण-मंडळें दर वर्षीं ह्या बुग्यालांत जातात; तेथील पहिल्या सकाळीं बुटांखालीं जो मऊ, स्प्रिंगसारखा गालिचा जाणवतो, तो पुष्कळ अंशीं अशाच मुळांचा असतो. तंबूंच्या गर्दीनें, खेंचरांच्या खुरांनीं व पावसाच्या लोटांनीं तेथेंहि जमीन उघडी पडूं लागली. २०१८ च्या ऑगस्टांत उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें बुग्यालांत रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. पुढें उत्तरकाशी जिल्ह्यांतील दयारा बुग्यालांत वनखात्यानें उसवलेल्या घळींवर नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, चिडाच्या वाळक्या सुयांचे भारे आडवे घातले, आणि बांबूच्या खुंट्यांनीं ते जागीं धरून ठेवले. मुळें पुन्हा धरेपर्यंत माती तेथेंच राहावी एवढ्यासाठीं.